पोरांच्या हातांना खरं काम

विदर्भातल्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त मिळते. २०२५ साली २ मेपासून सुट्टी लागली. इतरत्र शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला. म्हणजे सलग ५२ दिवस. पुण्यामुंबईच्या मुलांना याचा हेवा वाटत असेल तर त्यांनी एक दुपार वर्ध्यात काढून पाहावी. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, खिडक्यांवर पडदे ओढले जातात, कूलरची घरघर सुरू होते आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत पोरं चार भिंतींत अडकतात. ‘मुलांना मोकळ्या हवेत खेळू द्या’ हा सल्ला देणाऱ्यांच्या गावी मे महिना बहुधा वेगळा असतो.

वर्धा शहराला लागून, नागपूरच्या वाटेवर नालवाडी आहे. आज तिथे नोकरदारांच्या वसाहती आहेत, घरोघरी आईबाप दोघंही कामाला जातात, आणि दुपारी बारा वाजता ‘आता मी काय करू?’ हा प्रश्न तिथेही फोनवरूनच विचारला जातो. त्याला उत्तर म्हणून बाजारात उन्हाळी शिबिरं आहेत: मातीकाम, रंगकाम, बागकाम, स्वयंपाक, ‘जुन्या कपड्यातून नवी वस्तू’. फी भरली की आठ-दहा दिवस सुटतात. गंमत अशी की या शिबिरांत जे शिकवतात, तेच शाळेच्या मधोमध असावं असा आग्रह याच परिसरातून देशभर गेला होता. तो आग्रह काय होता, त्यात काय टिकाऊ होतं आणि कुठे धोका होता, हे समजून घेतलं तर सुट्टीचं कोडं पुष्कळसं सुटतं.

१९३२ च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्याच्या आश्रमातून नालवाडीला राहायला आले. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली होती आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली होती. नालवाडी तेव्हा छोटं खेडं होतं, वस्ती मुख्यतः दलितांची. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणसाचं पोट भरतं का, हे विनोबांनी तिथे स्वतःवर करून पाहिलं. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकर यांच्या पुढाकाराने चर्मालय चाललं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावण्याचं, ज्याच्याकडे गावाने पाठ फिरवली होती असं काम, तिथे शिकण्याचा विषय झालं. हातांच्या कामाला जात चिकटवलेल्या समाजात ही साधी गोष्ट नव्हती.

मग १९३७ साली, २२ आणि २३ ऑक्टोबरला, वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाचं शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावं, ही तिची मुख्य मागणी. अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. त्यातलं वेळापत्रक आज वाचलं तर पालक दचकतील. शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषेला ४०, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि मधली सुट्टी १० मिनिटांची. आणि शाळेचे दिवस वर्षाला २८८, महिन्याला सरासरी २४.

हा शेवटचा आकडा आपल्या विषयाचा आहे. ३६५ मधून २८८ गेले की उरतात ७७ दिवस. त्यात ५२ रविवार. म्हणजे दिवाळी, होळी, उन्हाळा, सगळ्याला मिळून २५ दिवस! आजच्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा सांगितली आहे. २८८ दिवसांचा आकडा समितीने का धरला असेल? माझा तर्क असा की ज्या शाळेत मूल निम्म्याहून अधिक वेळ कातत, खणत, विणत असतं, तिथून दोन महिने सुटका हवी असं वाटण्याचं कारण कमी. बागेला सुट्टी नसते, गाईलाही नसते. पण त्या १० मिनिटांच्या मधल्या सुट्टीकडे पाहून मला मुलांची दयाच येते, हेही सांगून टाकतो.

समितीलाही धोका दिसत होता. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर सुरुवातीपासून टीका झाली, आणि अहवालातच बजावून ठेवलं आहे की कमाईवर भर दिला तर शिक्षण बाजूला पडेल आणि शिक्षक पोरांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील. घरालाही हे लागू आहे. सुट्टीत मुलाला ‘काम’ द्यायचं म्हणजे भांडी घासणारी बाई सुट्टीवर गेली म्हणून त्याला जुंपायचं नव्हे. २०१६ मध्ये सुधारलेल्या बालकामगार कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घातली. धोका नसलेल्या घरच्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार लावण्याची मुभा मात्र ठेवली. या मुभेचा अर्थ घराघरात वेगळा होतो. एका घरातलं पोर गंमत म्हणून टोपलीभर कापूस निवडतं, दुसऱ्या घरातलं आईबरोबर वावरात जातं कारण मजुरी हवी असते. पहिल्याला हातकामाची गोडी लावण्याबद्दल लेख लिहिता येतात. दुसऱ्याला त्या ५२ दिवसांत खेळायला वेळ मिळावा, ही खरी गरज असते.

मग खरं काम कशाला म्हणायचं? माझ्यापुरत्या दोन कसोट्या आहेत. त्यातून निघालेली वस्तू घरात कुणीतरी वापरली पाहिजे. आणि काम जमलं की बिघडलं, हे मोठ्यांनी सांगण्याआधी कामानेच सांगितलं पाहिजे. आइसक्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड पहिल्या कसोटीत बहुधा नापास होतं: आई दोन दिवस कौतुकाने ठेवते, तिसऱ्या दिवशी माळ्यावर टाकते, आणि मुलाला हे बरोबर कळतं.

दुसऱ्या कसोटीला टकळीइतकं चोख उतरणारं साधन मला माहीत नाही. वीतभर लोखंडी काडी, खालच्या बाजूला पितळेची चकती, वरच्या टोकाला आकडा. चकती गरगर फिरते ती आपल्या वजनामुळे. काडी एकटी फिरवली तर दोन गिरक्यांत थांबेल. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांब असतो. असे हजारो आखूड तंतू शेजारीशेजारी ठेवून ओढले तर सटकतात. त्यांना पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं आणि त्या घर्षणावरच अखंड धागा तयार होतो. धाग्यात गोंद नसतो, गाठ नसते, फक्त पीळ असतो. डावा हात पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तंतू सोडतो, उजवा टकळीला गिरकी देतो. तंतू सोडण्याचा वेग जास्त झाला तर धागा विरतो आणि टकळी खाली पडते. पीळ जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वेटोळे घेतो. ‘चुकलं’ असं म्हणायला तिथे कुणी लागत नाही. टकळी जमिनीवर आपटल्याचा आवाज पुरेसा असतो, आणि तो आवाज ऐकून मूल रडत नाही, पुन्हा पेळू उचलतं. मारिया मॉन्टेसोरी यांनी आपल्या साधनांत हेच पाहिलं होतं: चूक साधनाने दाखवावी, शिक्षिकेने नव्हे.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. पऱ्हाटीवरून वेचलेला मूठभर कापूस कुणाच्या ना कुणाच्या घरी मिळतोच. सरकी बोटांनी काढायला बसवलं तर सरकी काढण्याचं यंत्र कशासाठी निघालं असेल हे मुलाला सांगावं लागत नाही. टकळी मिळाली नाही तर पातळ गोल लाकडी चकतीच्या मधोमध भोक पाडून सायकलच्या चाकाची आरी घालावी, टोक वाकवावं, झालं. पेळू जमत नसेल तर आजीजवळ बसून वाती वळाव्यात. फुलवातीत आणि लांब वातीत कापूस कसा वेगळा धरावा लागतो, हेही एक शिक्षणच आहे.

आणि मग मोजणी. कताईच्या हिशेबात एक तार चार फुटांची. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीभर सूत २५६० फूट होतं, पाऊण किलोमीटरहून जास्त. आता पाचवी-सहावीतल्या मुलाला विचारा, एका हातरुमालाला किती सूत लागेल? भिंग घेऊन बाबांच्या शर्टाचे एका सेंटीमीटरमधले धागे मोजायचे. जाडसर कापडात १५ उभे आणि १५ आडवे भरले असं समजू. रुमाल ३० सेंटीमीटरचा चौरस धरला तर उभे धागे ४५०, प्रत्येक ३० सेंटीमीटरचा: १३५ मीटर. आडवेही तितकेच. एकूण २७० मीटर, म्हणजे साधारण २२० तारा. ज्या मुलाने सकाळभर बसून दहा तारा काढल्या आहेत, त्याला या उत्तराचं वजन कळतं. हे कळल्यावर त्याला वर्ध्याच्या मगन संग्रहालयात न्यावं. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडलं गेलं. टकळी हातात न धरलेलं मूल तिथले चरखे पाच मिनिटांत ‘पाहून’ मोकळं होतं. धरलेलं मूल चाक आणि चाती यांच्यातली दोरी कुठून कुठे जाते ते शोधत बसतं. सहल आधी आणि हातकाम नंतर, हा आपला नेहमीचा क्रम उलटा आहे.

बक्षिसाबद्दल इथेच सांगायला हवं. ‘एक लटी काढलीस की चॉकलेट’ हा मोह आवरावा. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते सौद्याने. आवडीचं काम मजुरीचं झालं की मजुरी थांबल्यावर काम थांबतं. नालवाडीत कताईच्या मजुरीचा हिशेब मांडला गेला तो मोठ्या माणसाच्या पोटासाठी. पोराच्या खेळात तो नको.

दुपारच्या कोंडवाड्याकडे वळू. ज्या उन्हाने मुलांना घरात डांबलं, तेच ऊन त्यांना अभ्यासायला द्यावं असं मला वाटतं. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात लाल द्रवाचे साधे तापमापक स्वस्तात मिळतात. पाऱ्याचा घेऊ नये, फुटला तर घातक. तापाचा तर इथे बिनकामाचा, तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो आणि मे महिन्यातला वर्ध्याचा व्हरांडा त्याच्या पलीकडे जातो. असे दोन तापमापक सावलीत शेजारीशेजारी टांगायचे. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. दहा मिनिटांनी पाहावं. कोरडा तापमापक ४४ अंश दाखवत असेल आणि हवा विदर्भातल्या मे महिन्यासारखी कोरडी असेल, तर ओला २४ च्या जवळपास उतरलेला दिसतो. एकाच सावलीत, एकाच खिळ्यावर, वीस अंशांचा फरक. पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला एक तापमापक बिघडलाय असंच वाटतं, आणि ते दोघांची अदलाबदल करून पाहतं. करू द्यावी, पडताळणीचा पहिला धडा तोच.

पाणी वाफ होताना उष्णता घेतं, ती आजूबाजूच्या वस्तूतून घेतं, म्हणून ती वस्तू गार होते. घरातला कूलर नेमकं एवढंच करतो: ओल्या वुडवूलमधून कोरडी हवा ओढतो. ओल्या तापमापकावरचा आकडा ही त्याची हद्द आहे. कूलरची हवा त्याहून थंड होऊ शकत नाही. म्हणजे मुलाने रोज दुपारी दोन्ही आकडे वहीत मांडले तर आज कूलर जास्तीत जास्त किती गारवा देईल हे तो घराला सांगू शकतो. जूनमध्ये पहिल्या सरी येतात आणि हा फरक भराभर घटतो. जुलैत कोरडा ३० दाखवतो, ओला २७-२८. तेव्हा कूलरमधून ओलसर, चिकट वारा येतो आणि ‘कूलर बिघडला’ म्हणून घरोघरी तक्रार सुरू होते. वही ठेवणाऱ्या पोराला कारण माहीत असतं. घरातल्या मोठ्यांना माहीत नसलेली, पण त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट आपल्याला कळते, ही भावना मुलाला कुठल्याही शिबिरातून विकत मिळत नाही.

माठाचाही असाच तपास करता येतो. नवा माठ, गेल्या वर्षीचा माठ आणि स्टीलची बादली, तिघांत सारखं पाणी भरून दर तासाला तापमान घ्यायचं. जुन्या माठाची सूक्ष्म छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजत जातात, पाझर कमी होतो, गारवा कमी होतो. दर उन्हाळ्यात नवा माठ आणण्यामागचं कारण आलेखावर उतरतं. एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा: कूलरला हात लावणं हे मुलांचं काम नाही. विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात. पाणी मोठ्यांनीच भरावं, तेही प्लग काढून.

ऊन वहीत आलं, आता खेळ. चंगाष्टा घराघरात होता. आता फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरांचा पट आखायला कुणाला सांगितलं तर तो मोबाइलवर शोधतो. बाहेरची १६ घरं, आतली ८, मधलं एक, अशी एकूण २५ घरं. चार कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्यावे, एक बाजू दगडावर घासून पांढरी करावी. घासायलाच अर्धी दुपार जाते आणि ती चांगली जाते. टाकल्यावर जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे म्हणजे चंग, चार घरं. चारही काळे म्हणजे अष्टा, आठ घरं.

आता चार दाणे पडण्याच्या १६ वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. दाणा दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असं मानलं तर त्यातल्या एकाच तऱ्हेत अष्टा येतो, एकात चंग, चारांत एक, चारांत तीन आणि तब्बल सहांत दोन. म्हणून खेळताना ‘दोनच पडतात मेले’ ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते. सगळ्या दानांची सरासरी काढली तर दर डावाला अडीच घरं पडतात. दुसऱ्याची सोंगटी आपल्यापासून दोन घरांवर असेल तर तिला मारण्याची संधी अष्ट्याच्या सहापट, हे पाहून जुन्या खेळाडू कुठे थांबायचं ते ठरवत. आजीला संभाव्यता हा शब्द ठाऊक नसेल, पण आठ घरांवर तिची सोंगटी बिनधास्त बसायची आणि दोन घरांवर कधीच नाही.

यातला खरा मसाला पुढे आहे. चिंचोके सारखे नसतात. एखादा जाड, एखादा वाकडा, एखादा जास्त घासलेला. शंभरदा टाकून कोणते दान किती वेळा पडलं याच्या रेघा मारल्या तर कागदावरच्या हिशेबापासून ते सरकलेलं दिसतं. मग पोरं आपल्या फायद्याचा चिंचोका शोधू लागतात, एक बाजू अधिक घासून त्याचा तोल बदलू पाहतात. इथे मोठ्यांनी डोळेझाक करावी. लबाडी पकडण्यासाठी दुसऱ्या पोराला तितकंच गणित करावं लागतं.

वाळवणाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मराठी घराला सांगण्याची गरज नाही. कुरडयांसाठी गहू भिजत घालायचे, वाटायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं; काडीवर सरगुंडे वळायचे; मुगवड्या घालायच्या. यातलं प्रत्येक काम पहिल्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण घेतं, वर्षभर खाल्लं जातं. फक्त एक बदल सुचवतो: मुलांना राखणीला बसवता तेव्हा हातात तराजू द्या. ओली कुरडई आणि तीन दिवसांनी तीच कुरडई यांच्या वजनातला फरक म्हणजे उडालेलं पाणी. राखणदाराच्या पोटात गेलेला ऐवज हिशेबात धरावा, नाहीतर विज्ञान चुकतं.

पहाटेचे दोन-तीन तास बाहेरचे. नालवाडीजवळच्या गोपुरीत गीताई मंदिर आहे. डोक्यावर छत नाही, मूर्ती नाही, उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले. विनोबांनी गीताई लिहायला घेतली ७ ऑक्टोबर १९३० ला आणि पन्नास वर्षांनी त्याच तारखेला हे मंदिर खुलं झालं. अक्षरं नुकती जुळवू लागलेल्या मुलाला बोट लावून वाचायला यापेक्षा मोठं पुस्तक मिळणार नाही, पण उजाडताच जावं. दगड तापला की उभं राहवत नाही. पक्ष्यांचंही तसंच, ते सूर्याबरोबर कामाला लागतात. वर्धेकरांनी मतदान घेऊन नीलपंखाला आपला शहरपक्षी निवडलं आहे. तारेवर तो मातकट, अगदी सामान्य दिसतो. उडाला की पंखांतली निळाई उघडते. एका ठरलेल्या खांबावर तो रोज किती वाजता येतो, हे टिपायला वही-पेन्सिलच लागते. पवनारला धाम नदीवर जायचं तर मोठ्यांच्या नजरेखाली. उन्हाळ्यात पाणी कमी दिसतं म्हणून पोरं आत जातात, आणि नदीतले डोह वरून दिसत नाहीत.

एवढं सगळं वाचून एखाद्या उत्साही पालकाने ५२ दिवसांचा तक्ता केला असेल तर तो फाडून टाकावा. दिवसाला एक काम, तेही अपूर्ण सोडायची मुभा असलेलं, पुरे. बाकी वेळ रिकामा असू द्या. रिकामेपणात पहिला अर्धा तास पोर जीव खातं, मग पलंगाखाली शिरतं, मग तिथे गुहा होते. अडचण अशी की मोबाइल त्या पहिल्या अर्ध्या तासातच हातात येतो आणि गुहा कधी होतच नाही. बंदी घालून मला तरी फारसं साधलेलं दिसलेलं नाही. घरातल्या मोठ्यांचेही फोन दुपारी ठरलेल्या वेळी एका डब्यात गेले तरच ते टिकतं. आणि तेवढं करायची तयारी किती घरांत असते, ते आपण जाणतोच.

सुट्टीत शिकलेलं विसरतं, ही धास्तीही थोडी बाजूला ठेवावी. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा लांब उन्हाळी सुट्टीत सरासरी महिनाभराच्या अभ्यासाइतकी घसरण दिसली, आणि ती वाचनापेक्षा गणितात जास्त. गणिताचा सराव वापराविना राहतो म्हणून गंजतो. तारा, चिंचोके, अंश आणि ग्रॅम रोज हाताळणाऱ्या पोराला त्यासाठी वेगळी ‘सुट्टीतील अभ्यासिका’ कशाला हवी?

उरतो तो दिवसभर घरात मोठं माणूस नसलेल्यांचा प्रश्न, आणि आजच्या नालवाडीत तोच सगळ्यात मोठा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम उभं केलं, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. इमारत, घंटा, गणवेश यातलं काही नसताना ती चालली, कारण मूल जिथे होतं तिथे एक जाणतं माणूस जाऊन बसत होतं. एका गल्लीत चार-पाच घरं जमली तर हे आजही होतं. एका घरी निवृत्त शिक्षक असतात, दुसऱ्या घरी शिवणयंत्र चालवणाऱ्या मावशी, तिसऱ्या घरी सायकल खोलून जोडणारे आजोबा. प्रत्येकाने आठवड्यातली एक दुपार घ्यायची, आपलं रोजचं काम करत राहायचं आणि पोरांना जवळ बसू द्यायचं. वेगळं काही ‘शिकवायचं’ नाही. पाणी, नाश्ता आणि कुणाला किती वाजता घरी पोचवायचं, एवढं आधी ठरवावं, आणि मुलं एका वेळी सहा-सातपेक्षा जास्त घेऊ नयेत, कारण आठव्या पोराला टकळी मिळत नाही आणि मग ते इतरांचे धागे तोडत बसतं.